सर्वस्वाची व्यवस्था : ब्र. जीवराज गौतमचंद दोशी

सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने प्रकाशित केलेले ग्रंथ अनेक जिनमंदिरांच्या शास्त्रकपाटांत पाहावयास मिळतात. ग्रंथ उघडला की मूळ संहितेच्या आधी जीवराज जैन ग्रंथमालेचा परिचय करून देणारे एखादे पान लागते. स्वाध्यायासाठी बसलेला श्रावक ते पान सहसा उलटून पुढे जातो. त्याला गाथा हव्या असतात, दात्याचा वृत्तांत नव्हे. परंतु त्या एका पानात एका सद्गृहस्थाने आपल्या आयुष्यभराच्या मिळकतीची व्यवस्था हयातीतच कशी लावली, याची हकीकत आलेली आहे. ते सद्गृहस्थ म्हणजे ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी.

त्यांचे कार्य समजून घेण्यासाठी त्या काळचे सोलापूर थोडे डोळ्यांपुढे आणावे लागते. गुजरातेतून येऊन येथे स्थिरावलेल्या दिगंबर जैन दोशी घराण्यांनी या नगरीत व्यापार वाढविला, मंदिरे सांभाळली आणि त्याचबरोबर विद्येचीही कास धरली. शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी इ. स. १८८४ मध्ये येथूनच ‘जैन बोधक’ हे मासिक सुरू केले. उद्योगपती वालचंद हिराचंद हे त्यांचेच चिरंजीव. शास्त्रग्रंथ छापल्याने त्यांची आशातना होते, अशी समजूत त्या काळी समाजात प्रबळ होती. हस्तलिखित पोथी वेष्टनात बांधून ठेवावी, तिची पूजा करावी, वर्षातून एकदा ती उन्हात ठेवावी, एवढ्यातच शास्त्रभक्ती संपत असे. पोथी वाचणारा उरला नाही तरी चालेल, पण ती छापखान्यात जाता कामा नये, असे मानणारे धर्मनिष्ठ लोक थोडे नव्हते. त्यांच्या श्रद्धेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मात्र त्या श्रद्धेपायी किती पोथ्या वाळवीच्या भक्ष्यस्थानी पडल्या असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

याच संदर्भात मूडबिद्रीची हकीकत सांगणे अवश्य आहे. इ. स. १८८३ मध्ये मुंबईचे दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी तेथे यात्रेला गेले असता, त्यांना धवलादी सिद्धांतग्रंथांच्या ताडपत्रीय प्रतींचे दर्शन घडले. जगात अन्यत्र कोठेही नसलेले हे ग्रंथ जीर्ण होत चालले आहेत आणि त्यांचा स्वाध्याय तर कोणीच करीत नाही, हे पाहून त्यांना चिंता वाटली. त्यांनी ती चिंता पत्राने सोलापूरच्या शेठ हिराचंद नेमचंद यांना कळविली. पुढच्या वर्षी हिराचंदजी ब्रह्मसूरि शास्त्री यांना बरोबर घेऊन मूडबिद्रीस गेले. त्यानंतर निधी जमविणे, तेथील पंचांचे मन वळविणे, जुन्या कन्नड लिपीतील मजकूर उतरवून घेणे, यांत कित्येक वर्षे गेली. ग्रंथरक्षण हे एका माणसाच्या एका देणगीने पुरे होणारे काम नाही, त्याला पिढ्यांमागून पिढ्या चालणारी व्यवस्था लागते, हा धडा सोलापूरच्या समाजाने या प्रकरणात प्रत्यक्ष अनुभवला होता. जीवराजभाई याच सोलापूरचे.

न्यायाने मिळविलेली संपत्ती, असा त्यांच्या द्रव्याचा उल्लेख ग्रंथमालेच्या परिचयात केलेला आहे. दानाच्या चर्चेत हा शब्द सहज वाचून सोडून देण्यासारखा नाही. श्रावकाचाराच्या ग्रंथांनी गृहस्थाच्या गुणांची गणना करताना न्यायोपार्जित धनाला अग्रस्थान दिलेले आहे. कारण धन मिळविण्याचा मार्ग सदोष असेल तर पुढील दानाने तो दोष पुसला जातो, असे जैन आचार मानीत नाही. जीवराजभाई अनेक वर्षे संसारापासून उदासीन होऊन धर्मकार्यात वृत्ती लावून राहिले होते. ब्रह्मचर्यव्रत धारण केल्यावर समाज त्यांना आदराने ब्रह्मचारीजी म्हणू लागला. व्रत घेतले तरी संपत्तीचा प्रश्न आपोआप सुटत नाही. घरदार, येणी, ठेवी आणि जिंदगी हे सर्व मागे उभेच असते.

इ. स. १९४० मध्ये ब्रह्मचारीजींच्या मनात प्रबळ इच्छा उत्पन्न झाली की, या संपत्तीचा उपयोग विशेषत्वाने धर्म आणि समाज यांच्या उन्नतीसाठी व्हावा. येथपर्यंतचा विचार अनेक श्रीमंतांच्या मनात येतो. त्यापुढे सामान्यतः काय घडते, हेही सर्वांच्या परिचयाचे आहे. दात्याच्या मनात एखादे काम आधीच ठरलेले असते. कोणाला शिखर बांधावयाचे असते, कोणाला धर्मशाळेची खोली. आपल्या मनाप्रमाणे दान देऊन दाता मोकळा होतो आणि त्या वास्तूची दुरुस्ती, वीज, पाणी, पुजारी यांचा भार मागच्यांवर पडतो. दान मोठे असते, हेतूही शुद्ध असतो. पण गरज कशाची आहे हे विचारण्याचे राहून गेलेले असते.

ब्रह्मचारीजींनी नेमके हेच विचारले. त्यांनी देशभर भ्रमण केले आणि ठिकठिकाणच्या जैन विद्वानांना गाठून, या द्रव्याचा विनियोग कोणत्या कार्यात करावा, यावर त्यांची मते घेतली. काहींची मते प्रत्यक्ष भेटीत घेतली, काहींची लेखी मिळविली. जो देणार त्यानेच दारोदार जाऊन विचारावे, हा प्रकार विरळा. दात्याने एकदा तोंड उघडले की चारही बाजूंनी मागण्या येतात, हे व्यवहार जाणणाऱ्या गृहस्थाला ठाऊक नसेल असे नाही. तरीही त्यांनी हा मार्ग पत्करला आणि कोणतीही घोषणा करण्यापूर्वी सुमारे वर्षभर केवळ ऐकून घेण्याचे काम केले.

मतसंग्रह पूर्ण झाल्यावर इ. स. १९४१ च्या उन्हाळ्यात त्यांनी नाशिकजवळच्या गजपंथा सिद्धक्षेत्रावर विद्वानांचे संमेलन बोलाविले. म्हसरूळ गावाजवळची ही टेकडी बलभद्रांची निर्वाणभूमी म्हणून पूजनीय मानली जाते. तेथील शांत व शीतल वातावरणात ब्रह्मचारीजींनी हा विषय पंडितांपुढे ऊहापोहासाठी ठेवला. त्या विचारविनिमयाचे फळ म्हणजे जैन संस्कृति संरक्षक संघाची स्थापना होय. जैन संस्कृती व जैन साहित्य यांच्या सर्व अंगांचे संरक्षण, उद्धार आणि प्रचार हे संघाचे उद्दिष्ट ठरले आणि त्यासाठी ब्रह्मचारीजींनी ३०,००० रुपयांच्या दानाची घोषणा केली.

येथे थोडे थांबणे इष्ट आहे. त्यांनी प्रारंभीच सर्व काही देऊन टाकले नाही. आधी एक मर्यादित रक्कम दिली, संस्था उभी केली, तिच्या हातून काम होते की नाही ते पाहिले. १९४३ मध्ये ग्रंथमालेचे पहिले पुष्प प्रकाशित झाले. त्यानंतर १९४४ मध्ये त्यांनी आपली सुमारे २,००,००० रुपयांची संपूर्ण संपत्ती ट्रस्टरूपाने संघाला अर्पण केली. परिग्रहनिवृत्तीची भावना दिवसेंदिवस वाढत गेली, असे या टप्प्याचे कारण परिचयात नोंदलेले आहे. ते खरेच आहे. पण व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तरी हा क्रम विलक्षण शहाणपणाचा दिसतो. अणुव्रती श्रावक परिग्रहाचे परिमाण करतो आणि ते हळूहळू आटोपते घेत जातो. दानही त्याच चढत्या पायऱ्यांनी झाले.

संपत्ती धर्मकार्याला ठेवण्याचा अधिक रूढ मार्ग मृत्युपत्राचा. ज्याला अखेरपर्यंत औषधपाण्यासाठी व घरखर्चासाठी पैसा हाताशी असणे आवश्यक आहे, त्याच्यासाठी तो मार्ग योग्यच म्हटला पाहिजे. मृत्युपत्र करणाऱ्याला ते हयातीत केव्हाही बदलता येते किंवा रद्द करता येते. त्याची नोंदणी सक्तीची नाही; करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदार एवढे मात्र लागतेच. परंतु मृत्युपत्र अंमलात येते ते माणूस गेल्यावर. त्यातील एखादे वाक्य संदिग्ध असेल, संस्थेचे नाव अपुरे असेल, कार्य कोणते ते स्पष्ट नसेल, तर खुलासा करण्यास तो उरलेला नसतो. धर्मादाय करावा एवढेच मोघम लिहून ठेवले असेल तर पुढे वारस, विश्वस्त आणि न्यायालय यांच्यात वर्षे निघून जातात. शिवाय ब्रह्मचारीजींच्या काळी एक मोठी अडचण होती. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीतील आपला अविभक्त हिस्सा मृत्युपत्राने देण्याची मुभा नव्हती. ती १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने प्राप्त झाली आणि तो कायदा जैनांनाही लागू आहे. तत्पूर्वी स्वकष्टार्जित व विभक्त धनापुरतीच मृत्युपत्राची सत्ता चाले. अशा हिश्श्याविषयी दानाची इच्छा लिहून ठेवली तरी माणूस जाताच तो कुटुंबातील इतरांकडे जाई.

ट्रस्टचे तसे नाही. संपत्ती हयातीतच देणाऱ्याच्या हातून सुटते आणि विश्वस्तांकडे जाते. तिचा हेतू दस्तात लिहिलेला असतो. देणारा समोर बसलेला असल्याने विश्वस्तांना अर्थ विचारता येतो, चूक दुरुस्त करता येते. त्याची किंमतही तेवढीच मोठी आहे. एकदा दिलेले परत घेता येत नाही आणि देणाऱ्याला उरलेले आयुष्य त्या संपत्तीवाचून काढावे लागते. ब्रह्मचारीजींनी ही किंमत मोजली. त्यांच्या सर्वस्वदानानंतर ते १२ वर्षांहून अधिक काळ हयात होते.

शास्त्राच्या दृष्टीने पाहता या दानाचे स्थान कोणते? आहार, औषध, शास्त्र आणि अभय असे दानाचे चार प्रकार लहानपणी पाठशाळेतच शिकविले जातात. त्यांतील शास्त्रदान तर हे आहेच. पण जिनसेनाचार्यांच्या महापुराणात दत्तीचे आणखी एक वर्गीकरण आहे : दयादत्ती, पात्रदत्ती, समदत्ती आणि अन्वयदत्ती. शेवटचीलाच सकलदत्ती असेही म्हणतात. गृहस्थ निवृत्त होताना आपले सर्व धन आणि धर्मकर्तव्य पुत्राच्या हाती सोपवितो, वंशाबरोबर धर्माचीही परंपरा पुढे चालावी म्हणून. म्हणजे सर्वस्व देऊन मोकळे होणे ही जैन गृहस्थाला अपरिचित गोष्ट नाही. फक्त ते स्वीकारणारा सामान्यतः मुलगा असतो. सकलदत्तीत पुत्राचे जे स्थान, ते ब्रह्मचारीजींनी एका संघाला दिले.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. रत्नकरंड श्रावकाचारात समंतभद्राचार्यांनी सल्लेखनेचा विधी सांगताना स्नेह, वैर, संग आणि परिग्रह यांचा त्याग आधी सांगितला आहे. क्षमा मागणे, क्षमा करणे आणि आहार कमी करत जाणे हे सर्व त्यानंतरचे. शेवटच्या आजारात वकील उशाशी बसलेला आणि मुलेबाळे दाराआड उभी, अशा स्थितीत केलेले मृत्युपत्र कायद्याने ग्राह्य ठरेलही. पण ज्या घटकेला चित्त निःशल्य असावे, त्याच घटकेला ते तिजोरीच्या किल्ल्यांत गुंतलेले राहते. दान मोठे की लहान, याहून ते कोणत्या वेळी हातून सुटले, याला जैन दृष्टीने फार महत्त्व आहे.

आता त्या द्रव्यातून काय उभे राहिले ते पाहावे. ग्रंथमालेच्या संपादनाची धुरा दोन थोर पंडितांनी उचलली. बेळगाव जिल्ह्यातील सदलगा गावचे सुपुत्र आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातील प्राध्यापक डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये हे एक, आणि अमरावतीस प्राध्यापक असलेले डॉ. हिरालाल जैन हे दुसरे. मूडबिद्रीहून बाहेर आलेल्या षट्खंडागम-धवलेचे संपादन हिरालालजींनी याच सुमारास अमरावतीहून चालविले होते. त्याचा पहिला खंड १९३९ मध्ये निघाला होता. ग्रंथमालेचे पहिले पुष्प म्हणून यतिवृषभाचार्यांची तिलोयपण्णत्ती निवडण्यात आली. प्राकृत गाथांतील हा नऊ महाधिकारांचा ग्रंथ त्रिलोकाचे स्वरूप, कालचक्र आणि शलाकापुरुषांची माहिती देतो. त्यातील गणित आजही अभ्यासकांना खुणावते. पं. बालचंद्र शास्त्री यांच्या हिंदी अनुवादासह त्याचा पहिला भाग १९४३ मध्ये आणि दुसरा १९५१ मध्ये प्रकाशित झाला. दोन भागांत आठ वर्षांचे अंतर पडले. वाचक अधीर झाले असतील, परंतु हस्तलिखिते ताडून पाहून शुद्ध पाठ ठरविण्याचे काम घाईने होत नाही आणि तसे ते घाईने करावयाचे नाही, अशीच या ग्रंथमालेची पद्धत राहिली. पायाशी कायमचा निधी असल्यामुळेच हे परवडले. ग्रंथागणिक वर्गणी गोळा करणाऱ्या प्रकाशकाला आठ वर्षे थांबता येत नाही.

१९४९ मध्ये ग्रंथमालेने आसामचे विद्वान प्रा. कृष्णकांत हंदिकी यांचा यशस्तिलक आणि भारतीय संस्कृती या विषयावरील इंग्रजी ग्रंथ प्रकाशित केला. सोमदेवसूरींनी इ. स. ९५९ मध्ये, राष्ट्रकूटांच्या काळात रचलेल्या यशस्तिलक चंपूचा हा अभ्यास आजही प्रमाण मानला जातो. ज्याचे घराणे जैन नाही, ज्याची भाषा मराठी नाही, अशा दूरच्या पंडिताचा ग्रंथ सोलापूरच्या एका ब्रह्मचाऱ्याच्या द्रव्यातून छापला गेला. गजपंथा येथे ठरलेल्या उद्दिष्टात जैन संस्कृतीची सर्व अंगे असे शब्द होते. विश्वस्तांनी व संपादकांनी त्यांचा अर्थ संकुचित केला नाही, हे त्यांना भूषणावह आहे. १९५४ मध्ये शुभचंद्रांचे पांडवपुराण आणि त्रिविक्रमाचे प्राकृत व्याकरण ही पुष्पे निघाली. हे सर्व ब्रह्मचारीजींच्या हयातीत झाले. आपल्या दानाचे फळ स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याचे भाग्य मृत्युपत्राने देणाऱ्याला लाभत नाही, ते त्यांना लाभले.

त्याच काळात चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांच्या प्रेरणेने सिद्धांतग्रंथ ताम्रपत्रांवर कोरून घेण्याचे कार्यही महाराष्ट्रात सुरू झाले होते. ती ताम्रपत्रे फलटण येथे आहेत. एकीकडे ग्रंथ काळाच्या तडाख्यातून वाचावा म्हणून ताम्रपट, दुसरीकडे तो वाचला जावा म्हणून छापील आवृत्ती, असे हे दोन्ही प्रयत्न परस्परांना पूरक होते. आचार्यश्रींनी १९५५ मध्ये कुंथलगिरी येथे सल्लेखनापूर्वक देह ठेवला.

त्यानंतर सव्वा वर्षाने, दि. १६ जानेवारी १९५७ रोजी, पौष शुद्ध पौर्णिमेस, ब्रह्मचारी जीवराजजींनी अत्यंत सावधानतेने व समाधानाने समाधिमरणाची आराधना केली. त्या दिवशी त्यांच्या नावावर वाटून घेण्यासारखी मिळकत उरली नव्हती. तिची व्यवस्था १९४४ मध्येच लागलेली होती.

संस्थापकाच्या पश्चात संस्थेचे काय होते, हा कोणत्याही ट्रस्टच्या दृष्टीने कसोटीचा प्रश्न. संघाचे काम थांबले नाही. त्याच १९५७ सालात डॉ. पां. भी. देसाई यांचा दक्षिण भारतातील जैन धर्म व जैन शिलालेख यांवरील ग्रंथ निघाला. १९५८ मध्ये डॉ. विद्याधर जोहरापूरकर यांचा भट्टारक संप्रदाय प्रकाशित झाला. कारंजा, लातूर आणि अन्य पीठांच्या भट्टारकांचा इतिहास मूर्तिलेख व ग्रंथप्रशस्ती यांच्या आधारे त्यात प्रथमच क्रमवार मांडला गेला. आपल्या गावच्या मूर्तीच्या पादपीठावरील अक्षरांचा अर्थ लावू पाहणाऱ्याला आजही याच ग्रंथाकडे जावे लागते. महावीराचार्यांचे गणितसारसंग्रह हिंदी अनुवादासह १९६३ मध्ये आले. मराठीचीही उपेक्षा झाली नाही; डॉ. सुभाषचंद्र अक्कोळे यांनी संपादिलेल्या जुन्या मराठी जैन कवींच्या रचना याच संघाने छापल्या, आणि मराठी जैन साहित्य म्हणून काही परंपरा आहे हे मराठीच्या अभ्यासकांना त्यातून कळले.

एक बाब सहज लक्षात येण्यासारखी आहे. संस्थेच्या नावात ब्रह्मचारीजींचे नाव नाही. ग्रंथमाला मात्र त्यांच्या नावाने ओळखली जाते, त्यामुळे सोलापूरचे नावही न ऐकलेल्या देशोदेशीच्या ग्रंथालयांत जीवराज हे नाव सूचीत नोंदले गेले आहे.

अमरावतीहून निघालेल्या षट्खंडागम-धवलेचे १६ खंड १९५८ मध्ये पूर्ण झाले. परंतु आरंभीचे खंड तोवर दुर्मिळ होऊ लागले होते आणि पुढे तर ते मिळेनासे झाले. पुनर्मुद्रणाचे काम मोठ्या खर्चाचे आणि किचकट, विक्रीतून पैसा परत येण्याची आशा थोडी. ते काम सोलापूरच्या संघाने हाती घेतले आणि १९७३ पासून संशोधित आवृत्तीचे खंड एकामागून एक निघू लागले. शेठ माणिकचंदांनी १८८३ मध्ये ज्या ताडपत्रांविषयी सोलापूरला पत्र लिहिले होते, त्याच ताडपत्रांतील ग्रंथ ९० वर्षांनी जीवराज जैन ग्रंथमालेत छापून मंदिरांच्या शास्त्रकपाटांकडे रवाना होऊ लागला.